उंबऱ्याच्या आत धूर नको: वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

घरातील तंबाखूच्या धुराविषयी आम्ही गेल्या अंकात वाचकांकडून प्रश्न मागवले होते. आलेली बहुतेक पत्रे मुंबईची आहेत आणि त्यांतील अडचणीही याच शहराच्या आहेत: जागा लहान, ओढणारा माणूस एक तर वडीलधारा किंवा घरातला कमावता, आणि त्याला सांगायचे कोणी हा संकोच. त्यांपैकी सहा पत्रांना येथे उत्तरे देत आहोत. नावे छापू नयेत अशी बहुतेकांची विनंती असल्याने केवळ ठिकाण दिले आहे, आणि लांब पत्रे थोडक्यात घेतली आहेत.

प्रश्न (लालबाग): आमची चाळीतली दहा बाय सोळाची खोली आहे. मला सातवा महिना चालू आहे आणि बाळंतपण सासरीच होणार आहे. सासरे, ज्यांना आम्ही अण्णा म्हणतो, गिरणीत होते तेव्हापासून विडी ओढतात. खोलीत ओढत नाहीत, गॅलरीत कठड्याला टेकून ओढतात. पावसाळ्यात मात्र उंबऱ्यावरच बसतात. मी विषय काढला तेव्हा सासूबाई म्हणाल्या, “बाळाला धुरी देतोच ना आपण, मग विडीच्या धुराचे एवढे काय?” माझे यजमान वडिलांसमोर बोलत नाहीत. अण्णांना दुखवायचे नाही. काय करावे?

उत्तर: सासूबाईंचा प्रश्न रास्त आहे, म्हणून त्याचे उत्तर आधी देतो. ओवा, वावडिंग, बाळंतशेपा घालून निखाऱ्यावर दिलेली धुरी आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आली असली, तरी बाळाच्या फुप्फुसाला तो धूरच असतो. नवजात बाळ मिनिटाला साधारण ४० ते ६० वेळा श्वास घेते, मोठे माणूस १२ ते २० वेळा. त्यामुळे एकाच खोलीत, एकाच हवेत असूनही वजनाच्या मानाने बाळाच्या वाट्याला धूर जास्त येतो, आणि त्याच्या श्वासनलिका इतक्या अरुंद असतात की थोडी सूज आली तरी छातीत घरघर सुरू होते. तेव्हा धुरी चालते म्हणून विडी चालेल असे न म्हणता, विडी बंद करताना धुरीलाही रजा द्यावी हे उत्तम. शेक द्यायचाच असेल, तर बाळंतिणीला गरम पाण्याच्या पिशवीने देता येतो.

तंबाखूच्या धुरात सात हजारांहून अधिक रसायने असतात आणि त्यांपैकी सुमारे ७० कर्करोगास कारण ठरणारी आहेत. बाळासाठी मात्र अधिक जवळचे धोके वेगळे आहेत. गरोदर स्त्रीच्या श्वासात हा धूर जात राहिला, तर बाळ कमी वजनाचे जन्मण्याची शक्यता वाढते, म्हणून ही गोष्ट बाळ येण्याची वाट न पाहता आजच करण्याची आहे. जन्मानंतर वारंवार छाती भरणे, न्यूमोनिया, कानात पू होणे, आणि वरवर निरोगी दिसणारे तान्हे बाळ झोपेत अचानक दगावणे, या सर्वांचा धोका धुराच्या घरात अधिक असतो.

विडी पानाची, म्हणून सौम्य, असा समज जुन्या मंडळींत घट्ट आहे. वस्तुस्थिती उलट आहे. तेंदूच्या पानातून हवा सहज शिरत नाही, विडी विझू नये म्हणून घाईघाईने आणि जोरात झुरके घ्यावे लागतात, आणि त्या धुरात निकोटीन, डांबर व कार्बन मोनॉक्साइड यांचे प्रमाण सिगारेटच्या धुरापेक्षा अधिक आढळते.

आता गॅलरीचा मुद्दा. चाळीची गॅलरी म्हणजे घराबाहेर नव्हे. दार दिवसभर उघडे, खिडकी गॅलरीकडे, आणि दुपारनंतर समुद्राकडून येणारा वारा धुराला खोलीतच ढकलतो. शिवाय पलीकडच्या खोलीतही कोणाचे तरी मूल असते. म्हणून रेघ गॅलरीत न आखता जिन्याखाली, चाळीच्या चौकाबाहेर, खिडक्यांपासून दूर आखावी लागेल. अण्णांचे गुडघे त्यांना दिवसातून किती वेळा जिना उतरू देतात, याचा विचार मात्र बोलण्याआधी करा. दर वेळी तीन मजले उतरणे त्यांना झेपणार नसेल, तर ते थोड्याच दिवसांत पुन्हा उंबऱ्यावर येऊन बसतील. सकाळचे दूध आणायला, संध्याकाळी मंडळात बसायला ते खाली जातातच. विडी त्या फेऱ्यांना जोडून द्या.

हे सांगायचे कोणी, तर तुमच्या यजमानांनी. सुनेने सांगितले की तो सुनेचा नियम होतो आणि चार दिवसांत भांडणाचे कारण बनतो. मुलाने सांगावे, एकट्याने सांगावे, आणि अण्णांच्या हातात पेटलेली विडी असताना सांगू नये. “अण्णा, तुम्ही विडी सोडा असे मी म्हणत नाही. डॉक्टरांनी बाळासाठी घरात आणि गॅलरीत धूर नको असे सांगितले आहे, तेवढे आपण सगळे मिळून पाळू,” एवढेच पुरे. यात दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्या आहेत, हे लक्षात घ्या. विडी सोडणे हा अण्णांचा निर्णय आहे. घरात धूर नसणे हा घराचा नियम आहे. या दोन्ही मागण्या एकदम केल्या की दोन्ही फसतात, हे अनेक घरांत दिसते. डॉक्टरांचे नाव पुढे करण्यात खोटे काही नाही. पुढच्या तपासणीला यजमानांना सोबत न्या आणि त्यांच्यासमोरच डॉक्टरांना विचारा.

विडीचे बंडल आणि काडेपेटी अण्णांच्या उशाशी न ठेवता दाराजवळच्या फळीवर, छत्रीशेजारी ठेवा, म्हणजे विडी हातात घेतानाच पाय बाहेर पडलेले असतील. वर आल्यावर हात-तोंड धुणे, वरचा सदरा बदलणे आणि काही मिनिटे थांबूनच बाळाला घेणे, हेही ठरवून घ्या, कारण शेवटच्या झुरक्यानंतरही उच्छ्वासातून धुराचे अंश काही काळ येत राहतात आणि कपड्यांत तर ते बसलेलेच असतात. निकोटीनचा थर पडदे, गोधड्या, भिंतीचा रंग यांवर महिनोन्‌महिने राहतो व हवेतील इतर वायूंशी संयोग होऊन त्यापासून नवी घातक द्रव्ये तयार होतात. तुमच्या हाती अजून दोन महिने आहेत. तेवढ्यात गोधड्या धुऊन उन्हात टाका, पडदे बदला, जमल्यास भिंतींना रंग द्या. बाळाच्या स्वागताची तयारी म्हणून हे काम निघाले, तर त्यात अण्णाही हात लावतील.

प्रश्न (मुलुंड): यजमान घरी सिगारेट ओढतात, पण बाथरूममध्ये, दार लावून, एक्झॉस्ट पंखा चालू करून. शिवाय हवा शुद्ध करणारे महागडे यंत्रही त्यांनी आणले आहे. आमच्या आठ वर्षांच्या मुलीला दमा आहे. ते म्हणतात, “मुंबईची हवाच इतकी वाईट आहे, तिथे माझ्या एका सिगारेटने काय बिघडणार?”

उत्तर: बाहेरची हवा वाईट आहे म्हणून आतली बिघडवावी, हा युक्तिवाद मुलीच्या फुप्फुसाला कळत नाही. तिथे दोन्हींची बेरीज होते. बंद खोलीत ओढलेल्या एका सिगारेटने सूक्ष्म कणांचे प्रमाण रस्त्यावरील हवेच्या कितीतरी पट वर जाऊ शकते.

एक्झॉस्ट पंखा सुरू असला तरी दाराच्या खालच्या फटीतून धूर घरात येतो. उरलेला ज्या डक्टमध्ये जातो, त्याच डक्टमध्ये वरच्या मजल्यावरील बिऱ्हाडाच्या न्हाणीघराची खिडकी उघडते. सिगारेटच्या जळत्या टोकाकडून दोन झुरक्यांच्या मध्ये सतत निघणारा धूर हा घरातल्या हवेत मिसळणाऱ्या धुराचा मोठा भाग असतो. तो कमी तापमानाला जळून निघतो, फिल्टरमधून जात नाही, आणि त्यातील कित्येक विषारी घटकांचे प्रमाण ओढणाऱ्याच्या तोंडात जाणाऱ्या धुरापेक्षा जास्त असते. हवा शुद्ध करणारे यंत्र यातील काही कण पकडते, पण कार्बन मोनॉक्साइडसारखे वायू त्यातून आरपार जातात. इमारतींच्या वायुवीजनाचे मानदंड ठरवणारी अमेरिकेतील अभियंत्यांची संस्था ॲश्रे हिचीही भूमिका अशीच आहे की, वायुवीजनाने हा धोका नाहीसा होत नाही, त्यासाठी आत धूम्रपानच नको. वास आला नाही म्हणजे धूर नाही, हे गृहीत धरू नका.

यजमानांना आकडे पटत असतील, तर एक जुना अभ्यास सांगा. जपानमधील ताकेशी हिरायामा यांनी ९१ हजारांहून अधिक, स्वतः धूम्रपान न करणाऱ्या विवाहित स्त्रियांची १४ वर्षे नोंद ठेवली आणि १९८१ साली दाखवून दिले की, ज्यांचे पती भरपूर धूम्रपान करत त्या स्त्रियांना फुप्फुसाच्या कर्करोगाने मृत्यू येण्याचे प्रमाण जास्त होते. त्या निष्कर्षावर तेव्हा तंबाखू उद्योगाने बरीच राळ उडवली. पुढील संशोधनाने मात्र तो टिकला, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगविषयक संस्थेने दुसऱ्याच्या धुराला कर्करोगकारक घटकांच्या पहिल्या गटात घातले. अशा धुरात राहणाऱ्या, स्वतः न ओढणाऱ्या प्रौढांत हृदयविकाराचा धोका २५ ते ३० टक्क्यांनी वाढतो. म्हणजे प्रश्न केवळ मुलीचा नाही, तुमचाही आहे.

मुलीचे म्हणाल, तर दम्याच्या मुलाच्या घरात धूर असणे म्हणजे औषधाचा परिणाम एका हाताने देऊन दुसऱ्या हाताने काढून घेणे. तिला आठवड्यात किती वेळा पंप घ्यावा लागतो, किती रात्री खोकून जाग येते, हे कॅलेंडरवर लिहून ठेवा. घरात एक महिना अजिबात धूर होऊ न देता पुन्हा लिहा. ते कॅलेंडर वादविवादापेक्षा जास्त काम करील, आणि पुढच्या भेटीत तिच्या डॉक्टरांनाही उपयोगी पडेल.

प्रश्न (घाटकोपर): आमच्याकडे कोणी सिगारेट-विडी ओढत नाही. पण आई सत्तरीची आहे आणि दर आठवड्याला तव्यावर तंबाखू भाजून मशेरी करते. त्या वेळी घरभर ठसका लागतो, मुले खोकत बाहेर पळतात, शेजारच्या काकू भांडायला येतात. हाही धूर तुमच्या विषयात बसतो का?

उत्तर: नक्कीच बसतो, आणि हे पत्र आल्याचा विशेष आनंद आहे, कारण धूरमुक्त घराच्या चर्चेत मशेरीचे नाव क्वचितच निघते. २०१६-१७ च्या राष्ट्रीय तंबाखू सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रातील प्रौढांपैकी धूम्रपान करणारे जेमतेम चार टक्क्यांच्या आसपास आहेत. तंबाखू खाणारे, चघळणारे किंवा दातांना लावणारे मात्र सुमारे २४ टक्के आहेत. आपल्याकडे अनेक घरांत तंबाखूचा धूर विडीतून न येता तव्यावरून येतो.

तंबाखू काळी पडेपर्यंत भाजताना निघणारा धूर, गॅसच्या शेगडीभोवती दोन-तीन माणसे उभी असलेल्या स्वयंपाकघरात, डोळ्यांत पाणी आणण्याइतका दाट असतो. तोच तवा पुढे भाकरीला वापरला जात असेल तर तेही थांबवा. भाजणे आजपासून बंद करणे ही पहिली पायरी. “मग बाजारातली तयार मशेरी आणून देऊ का?” असा तुमचा पुढचा प्रश्न असेल. त्याने धूर जाईल, तंबाखू जाणार नाही, आणि तोंडाच्या कर्करोगाचा धोका तसाच राहील. म्हणून हा तोडगा सुचवणे आम्हाला प्रशस्त वाटत नाही.

“मशेरी लावल्याशिवाय पोट साफ होत नाही, डोके दुखते,” असे आई म्हणत असतील, तर ती सबब समजू नका. निकोटीनची सवय झालेल्या शरीराला ते न मिळाल्यास हे त्रास खरोखरच होतात, पहिले काही दिवस तीव्र असतात आणि मग काही आठवड्यांत ओसरतात. दिवसातून चार वेळा लावत असतील तर आधी दुपारची, मग रात्रीची वेळ सोडवा, सकाळची शेवटी ठेवा. सकाळी उठल्यावर कोमट पाणी, जेवणात पालेभाजी आणि फळ वाढवा. त्यांचे तोंड दंतवैद्याला एकदा दाखवून घ्या. तोंडात न भरणारी जखम, पांढरा किंवा लाल चट्टा असेल तर दिरंगाई नको.

विषय निघालाच आहे म्हणून डास पळवणाऱ्या कॉइलचे सांगतो. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे आढळले की, एक कॉइल जळून निघणारे सूक्ष्म कण वजनाने ७५ ते १३७ सिगारेटींच्या धुराइतके भरतात. ज्या घरात सिगारेटला बंदी आहे आणि मुलांच्या पलंगाखाली रात्रभर कॉइल जळते, त्या घराला धूरमुक्त म्हणता येणार नाही. खिडकीला जाळी आणि पलंगाला मच्छरदाणी हा जुना उपाय अजूनही सर्वांत चांगला आहे.

प्रश्न (बोरिवली): आमच्या घरी कोणी ओढत नाही, तरी खालच्या मजल्यावरील गृहस्थांच्या सिगारेटचा धूर आमच्या शयनगृहात येतो. जिन्यातही थोटके पडलेली असतात. कायद्याने काही करता येते का?

उत्तर: कायद्याची मर्यादा आधी सांगतो. २००३ च्या तंबाखू नियंत्रण कायद्याने सार्वजनिक ठिकाणी धूम्रपानास बंदी आहे, त्याचे कडक नियम २ ऑक्टोबर २००८ पासून लागू झाले आणि दंड २०० रुपयांपर्यंत आहे. या बंदीच्या इतिहासात मुंबईचा वाटा मोठा आहे: शहराचे माजी महापौर आणि खासदार मुरली देवरा यांच्याच याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २००१ साली सार्वजनिक ठिकाणच्या धूम्रपानाला मनाई करण्याचे आदेश दिले होते. पण हा कायदा कोणाच्या खासगी घराच्या आत जात नाही. शेजारी स्वतःच्या खिडकीत ओढत असेल, तर पोलिसांकडे धाव घेऊन फारसे हाती लागणार नाही आणि रोजचे संबंध मात्र बिघडतील.

खालच्या घरी सुके बोंबील भाजले की आपल्याला दार न उघडता कळते. धुराची वाट तीच आहे, आणि बहुतेकदा त्या गृहस्थांना ती ठाऊक नसते. प्रथम घरी जाऊन, तक्रारीच्या सुरात न बोलता, कोणत्या वेळी आणि कोणत्या खिडकीतून धूर येतो ते सांगा; खोलीत लहान मूल किंवा आजारी माणूस झोपत असेल तर तेही सांगा. पुष्कळ वेळा माणूस खिडकी बदलतो किंवा खाली जाऊ लागतो. जिना, लिफ्ट, वाहनतळ आणि गच्ची या सामाईक जागांसाठी मात्र सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत ठराव मांडा आणि फलक लावून घ्या. ठराव मांडताना त्या गृहस्थांचे नाव घेऊ नका. आगीचा मुद्दा जोडलात तर सिगारेट ओढणारे सभासदही विरोध करणार नाहीत, कारण जिन्यातील मीटरच्या खोलीजवळ जळते थोटूक पडलेले कोणालाच नको असते.

प्रश्न (भायखळा): मी स्वतः ओढणारा आहे. रात्रपाळी करून सकाळी घरी येतो आणि चहाबरोबर पहिली सिगारेट घरातच होते. मुलगा सातवीत आहे. कधी कधी त्यालाच खाली टपरीवर सिगारेट आणायला पाठवतो. बायकोने आता घरात बंदी घातली आहे. पाळायची इच्छा आहे, पण तलफ आली की राहवत नाही.

उत्तर: मुलाला टपरीवर पाठवणे आजच थांबवा. अठरा वर्षांखालील मुलाला तंबाखूचे पदार्थ विकणे हा गुन्हा आहे, म्हणजे तुम्ही टपरीवाल्यालाही अडचणीत आणत आहात. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे, घरात ओढणारे कोणी नसेल, तर मुले ही सवय लावून घेण्याची शक्यता कमी होते; तुमचा मुलगा आज दुकानदाराला ब्रँडचे नाव सांगून सुटे पैसे देण्याची तालीम करतो आहे.

तलफ तीन ते पाच मिनिटांत उतरू लागते, सिगारेट ओढली नाही तरीही. तुमची गाठ चहाशी बांधलेली आहे, म्हणून काही आठवडे सकाळी घरी आल्यावर चहा आधी न घेता आंघोळ आधी करा आणि चहा ज्या खुर्चीत बसून घेत होता ती जागा बदला. निकोटीनयुक्त च्युइंगम औषधांच्या दुकानात मिळते. मात्रा किती हवी हे डॉक्टरांना विचारा, विशेषतः हृदयविकार किंवा रक्तदाब असल्यास. ते साध्या च्युइंगमसारखे सतत चघळायचे नसते. जिभेला चरचर लागेपर्यंत हळू चावायचे, मग गाल आणि हिरडीच्या मध्ये ठेवून द्यायचे, चरचर गेली की पुन्हा चावायचे, असे सुमारे अर्धा तास. चहा-कॉफीने निकोटीन नीट शोषले जात नाही, म्हणून चहानंतर १५ मिनिटे तरी थांबा. “च्युइंगमचा काही उपयोग झाला नाही” म्हणणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांनी ते चहाबरोबर घेतलेले असते.

केंद्र सरकारची तंबाखू सोडण्यासाठीची मोफत दूरध्वनी सेवा १८००-११२-३५६ या क्रमांकावर आहे. तेथे समुपदेशक तुमच्याशी बोलून तारीख ठरवतात आणि पुढे स्वतःहून विचारपूसही करतात. बायकोने घातलेल्या बंदीबद्दल राग धरू नका: घरात ओढता येत नसले की दिवसातल्या सिगारेटी आपोआप कमी होतात आणि सोडण्याचा प्रयत्न यशस्वी होण्याची शक्यता वाढते, असे अभ्यासांत वारंवार दिसले आहे. देशपातळीवर २००९-१० साली ५२ टक्के प्रौढांना घरात दुसऱ्याचा धूर सोसावा लागत होता. २०१६-१७ साली ते प्रमाण ३९ टक्क्यांच्या खाली आले. तुमच्या बायकोसारख्या बायकांचा त्यात वाटा असणार, असे आमचे मत आहे.

प्रश्न (दादर): गणपतीला पाच दिवस पाहुण्यांची वर्दळ असते. धाकटे मेहुणे जेवण झाले की बाल्कनीत सिगारेट पेटवतात. आलेल्या माणसाला नाही कसे म्हणायचे?

उत्तर: ॲशट्रे आधी घरातून काढून टाका, ती समोर असली की परवानगी गृहीत धरली जाते. मेहुणे येण्याआधीच फोनवर आमंत्रण देताना सांगून ठेवा की या वर्षीपासून घरात आणि बाल्कनीत कोणीच ओढत नाही. जेवणानंतर ते उठले की तुम्हीही चप्पल घाला आणि पान खाण्याच्या निमित्ताने त्यांच्यासोबत खाली नाक्यापर्यंत जा. एकट्याला खाली धाडले तर अपमान वाटतो, सोबत कोणी असले की तो फेरफटका होतो. हे सांगण्याचे काम मात्र तुमच्या बहिणीवर ढकलू नका, फोन तुम्हीच करा.